वरच्या ओळीतला सगळ्यात लांब शब्द

आमच्या टायपिंग क्लासच्या पाटीवर अण्णांच्या नावाखाली इंग्रजीत ‘प्रोप्रायटर’ असं लिहिलेलं होतं. लहानपणापासून ती पाटी बघत आले, पण त्यातली गंमत कळली ती तीसच्या, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांच्या बॅचला शिकवायला लागल्यावर. पी, आर, ओ, पी, आर, आय, ई, टी, ओ, आर. दहाही ठोके वरच्या ओळीत, बोट एकदाही खाली उतरत नाही. मी उड्या मारत अण्णांकडे गेले. ते रिबन बदलत होते. मान वर न करता म्हणाले, “टाइपरायटर मारून बघ.”

तोही दहाचा. तोही अख्खा वरच्या ओळीत.

असले शब्द शोधणं हा काही आमचा छंद नव्हता. पहिले पंधरा दिवस पोरं ‘एएसडीएफजीएफ, सेमीकोलन एलकेजेएचजे’ बडवून वैतागायची. अनामिका आणि करंगळी तर कुणाचीच नीट चालत नाही. त्या बोटांना कामाला लावतील असे, आणि जमलं तर लांबलचक, खरे शब्द हवे असायचे. पण डिक्शनरीत शिरायची वाट एकच, पहिलं अक्षर. ‘नुसत्या डाव्या हाताचे शब्द’ असं पान तिच्यात नसतं. मग दुपारी जेवण झालं की अण्णा काउंटरवर डिक्शनरी उघडून बसायचे आणि काचेवर टकटक करत एकेक शब्द बोटांनी चालवून बघायचे. अर्थाकडे लक्षच नसायचं. उजवा हात हलला की शब्द बाद.

अशी भरलेली त्यांची एक लाल बांधणीची वही होती. डाव्या हाताच्या पानावर ‘स्ट्युअर्डेसेस’ आणि ‘आफ्टरइफेक्ट्स’, दोन्ही १२ अक्षरांचे. उजव्याचं पान गरीब, ‘लॉलीपॉप’ आणि ‘मोनोपॉली’वर भागवलेलं. अनामिकेसाठी ‘पझेसिव्हनेस’, कारण १४ अक्षरांत ६ वेळा एस. दोन्ही करंगळ्यांना ‘पपाया’. मधल्या ओळीत ‘अल्फाल्फा’, म्हणजे आपला लसूणघास. अण्णांना हा सापडला तेव्हा त्यांनी क्लासभर पेढे वाटले होते असं आई सांगायची. आई जरा वाढवून सांगायची.

रेमिंग्टनची पहिली मशीनं १८७४ साली बाजारात आली. विक्रेत्याला गिऱ्हाइकासमोर झटकन मारून दाखवता यावा म्हणून ‘टाइपरायटर’ची सगळी अक्षरं वर नेली, अशी एक गोष्ट सांगतात. अण्णांना ती भारी आवडते. मला पटत नाही. मग ‘प्रोप्रायटर’ कुणासाठी वर ठेवला? मला वाटतं हिशेब सरळ आहे. पाच स्वरांपैकी ई, यू, आय आणि ओ असे चार वरच्या ओळीत. मधल्या ओळीच्या वाट्याला एकटा ए. झेडपासून एमपर्यंतची खालची ओळ तर स्वरावाचून कोरडीच, तिच्यात शब्द होणार कसा? (मराठी मशीनवर हा खेळ खेळायला जाऊ नये. तिथे साध्या ‘ण’ला आधी अर्धा ण आणि मग काना, असे दोन ठोके लागतात. एका शब्दात बोटं गावभर फिरून येतात.)

‘टाइपरायटर’पेक्षा लांब शब्द वरच्या ओळीत दाखवेल त्याला भडंगाचा एक पुडा, अशी अण्णांची पैज होती. क्लास चालला तोवर पुडा कुणाला मिळाला नाही. पुढे परीक्षा कॉम्प्युटरवर गेली आणि आम्ही शटर ओढलं. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा गावभागातल्या आमच्या त्या खोलीत छातीएवढं पाणी होतं. मशीनं गंजली त्याचं अण्णांना फारसं नाही, पण वहीचा लगदा झाला तो त्यांनी दोन दिवस टाकू दिला नाही.

यंदा दिवाळीत माझा मुलगा म्हणाला, वही परत करून देतो. इंजिनिअरिंगला आहे. १९३४च्या वेब्स्टर डिक्शनरीतली शब्दांची यादी त्याने उतरवून घेतली, सव्वादोन लाखांच्या वर शब्द. ‘ग्रेप’ नावाची शब्द शोधायची कमांड, चौकटी कंसात वरच्या ओळीची दहा अक्षरं, एंटर. स्क्रीनवर शब्दांचा धबधबा, थांबायचं नावच नाही. अण्णा म्हणाले, “अरे, ही तर सगळी डिक्शनरीच ओतलीस.” खरंच होतं. ज्या शब्दात वरचं एक जरी अक्षर आहे तो प्रत्येक शब्द आला होता. मग त्याने पुढे टोपीसारखं कॅरेटचं चिन्ह, कंसानंतर अधिक आणि शेवटी डॉलर घातला. म्हणजे शब्दाच्या आरंभापासून शेवटापर्यंत एवढीच अक्षरं, परकं एकही नको. आता यादी आवाक्यात आली. त्यात ११ अक्षरांचा एक बसला होता, ‘रप्चरवर्ट’.

“हे काय असतं?”

“वनस्पती आहे, आजोबा.”

“झाडपाल्याची नावं धरायची नाहीत.”

“मग अल्फाल्फा?”

अण्णा जरा गप्प झाले. मग म्हणाले, “तो आपण म्हशीला घालतो.”

मी हसून आत चहा टाकायला गेले. कप घेऊन बाहेर आले तर त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर चालली होती. आर, यू, पी, टी. दोनदा पहिल्यापासून मारून बघितलं. “मधे आर-ई-डब्ल्यू ओळीनं येतात बघ,” मला म्हणाले, “तर्जनी, मधलं, अनामिका. अनामिकेला बरा आहे शब्द.” आणि खिशातून शंभराची नोट काढून नातवापुढे धरली. “भडंग आण. तिखट बघून आण. आणि येताना एक वही घेऊन ये, लाल बांधणीची.”