जुन्या कॉम्प्युटरला मोठी हार्ड डिस्क जोडायची तर

३ टीबीची डिस्क विंडोज एक्सपीला जोडली आणि ती ७४६ जीबीचीच दिसली, तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. डिस्कवरच्या भागांची नोंद ठेवायच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे एमबीआरमध्ये, सेक्टरचा (डिस्कवरच्या सगळ्यात छोट्या कप्प्याचा) क्रमांक ३२ बिटांत मावावा लागतो. सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणून २.२ टीबीला क्रमांक संपतात आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. वर उरलेला ८०० जीबीचा तुकडा तेवढा दिसतो. विंडोज हजाराऐवजी १०२४च्या पटीत मोजते, त्या मापात तेच ७४६. या अवस्थेत डिस्कवर काही लिहू नका. पुढच्या क्रमांकाला पाठवलेला डेटा सुरुवातीच्या डेटावर जाऊन बसू शकतो.

यावर तोडगा जीपीटीचा, म्हणजे नोंदीच्या नव्या पद्धतीचा, पण ३२ बिटांची एक्सपी जीपीटी डिस्क वाचतच नाही. विंडोज ७ वाचते. त्या डिस्कवरून बूट करायचं, म्हणजे विंडोज सुरू करायचं नसेल तर जुना बायोसही (मशीन सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) आड येत नाही.

काही तयार एक्स्टर्नल डिस्कच्या केसमधलं सर्किट सेक्टर ४०९६ बाइटचा असल्याचं सांगतं. मग एमबीआर असूनही ४ टीबी एक्सपीत पूर्ण दिसते. गोची पुढे आहे: सर्किट जळालं आणि आतली डिस्क काढून थेट कॉम्प्युटरच्या आतल्या साटा केबलला लावली, की सेक्टर पुन्हा ५१२चा होतो आणि पार्टिशन (डेटा असलेला डिस्कचा भाग) सापडत नाही. म्हणून एक्सपीच्या मशीनला २ टीबीचीच डिस्क घ्यावी, हे माझं स्पष्ट मत.

२.५ इंची डिस्कला सुरू होताना बरेचदा १ अँपिअरच्या आसपास करंट लागतो आणि यूएसबी २.० पोर्टकडून हक्काने मिळतो ५०० मिलिअँपिअर. डिस्क टक-टक वाजते, दिसते, गायब होते. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला आतून लांब वायर असते, तिथे वीज आणखी कमी पडते. आधी मागच्या पोर्टला लावून बघा. तरी वाजत असेल तर स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला यूएसबी हब घ्या. ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॅप्टर येतो. त्या जागी लॅपटॉपचा १९ व्होल्टचा लावू नका. पिन बसली तरी सर्किट जाईल.

डिस्क जोडलेली असताना मशीन सुरुवातीच्या स्क्रीनवरच अडकतं? बायोसमधला यूएसबी लेगसी सपोर्ट (विंडोज सुरू होण्याआधीच यूएसबीची उपकरणं चालवणारी सेटिंग) बंद करून बघा. कीबोर्ड यूएसबीचा असेल तर तो मात्र तिथे चालेनासा होऊ शकतो, तेव्हा जुन्या गोल पिनचा पीएस/२ कीबोर्ड हाताशी ठेवा. वेगाची अपेक्षा बेताची धरा: यूएसबी २.०वर सेकंदाला ३० एमबी, म्हणजे १ टीबी भरायला नऊ तासांहून जास्त.

आता डिस्क जागेवर पक्की करणं. उभी ठेवलेली ३.५ इंची डिस्क चालू असताना आडवी पडली तर डेटा वाचणारं हेड प्लॅटरवर, म्हणजे आतल्या फिरत्या चकतीवर, आपटू शकतं. केसची हवेची भोकं झाकणार नाहीत अशा बेताने वेल्क्रोच्या दोन पट्ट्यांनी ती टेबलाला बसवा. केबलला डिस्कपासून दहा सेंटिमीटरवर सैल वळसा ठेवा आणि तिथेच केबल टायने टेबलाच्या पायाशी बांधा. पाय अडखळला तर झटका टायला बसतो, यूएसबी ३.०च्या त्या रुंद, चपट्या मायक्रो-बी पिनला नाही. पोर्टेबल डिस्क बरेचदा तिथेच मोडते.

कुलपासाठी बऱ्याच ३.५ इंची केसला मागे ३ × ७ मिलिमीटरची खाच असते. छोट्या पोर्टेबल डिस्कला सहसा नसते. तिला कुलपाची पत्री चिकटवावी लागते. केस प्लास्टिकची असेल तर जोराच्या ओढीला खाच तुटते, तेव्हा ऑफिस बंद करताना डिस्क इजेक्ट करा, केबल काढा, प्लॅटर थांबायला पंधरा सेकंद द्या आणि मगच उचलून कपाटात ठेवा.