कपाटाची किल्ली

मी ग्रंथपाल आहे. मुंबईत, नायगावातल्या एका मराठी शाळेत. त्याआधी ज्या शाळेत अर्धवेळ होते, तिथे दरवर्षी एप्रिल संपता संपता पुस्तकांची पडताळणी व्हायची. दाखल नोंदवही घेऊन कपाटासमोर उभं राहायचं आणि जे पुस्तक सापडणार नाही त्याची किंमत मी भरायची. एका वर्षी सोळा पुस्तकं कमी भरली. पुढच्या वर्षी मी कपाटं उघडलीच नाहीत. मुलं काचेला नाक लावून पुस्तकांची नावं वाचायची आणि घंटा झाली की निघून जायची. त्या वर्षी एकही पुस्तक हरवलं नाही. त्या वर्षाची मला अजून लाज वाटते.

‘पुस्तकं वापरासाठी आहेत’ हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचं पहिलं सूत्र, १९३१ सालचं. बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला, मी ते पाठ करून पेपरात लिहिलं होतं, आणि नोकरीत मात्र किल्ल्यांचा जुडगा पर्समध्ये घेऊन फिरत होते.

नायगावला आल्यावर पहिल्या आठवड्यातच कुलपं काढली. मुख्याध्यापिका बाईंनी एवढंच विचारलं, “हरवली तर?” मी म्हटलं, “हरवतील थोडी.” त्यांनी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची किंमत आमच्या पेशातल्या माणसालाच कळेल.

आमची बरीच मुलं बीडीडी चाळीतली. १६० चौरस फुटांची खोली, त्यात टीव्ही, गॅस, आजीची खाट आणि भावंडं. मधल्या सुट्टीत किंवा ऑफ तासाला ती माझ्याकडे येतात ती नेहमी पुस्तकासाठीच येतात असं नाही. कोणी नुसतं टेबलावर हात पसरून बसतं. मी हटकत नाही. पाय पसरून बसायला मिळणं हाही ग्रंथालयाचाच उपयोग आहे असं मला मनापासून वाटतं.

गेल्या वर्षी सातवीतली एक मुलगी आली. “बाई, गरुडाचं पुस्तक आहे? तो बघा, समोरच्या टाकीवर बसलाय.” मी तिला ५९८ क्रमांकाचा खण दाखवला, पक्षी तिथे असतात. तिने पुस्तक उचललं, थेट खिडकीत नेलं आणि चित्रावर बोट ठेवून बाहेर बघत राहिली. पक्षी उडाला तशी ओरडली, “बाई, हिची शेपटी बांगडा माशासारखी आहे!” खरंच. घारीच्या शेपटीला मधोमध खाच असते, ती गरुडाला नसते. इतक्या वर्षांत ही खूण इतकी नेमकी मला कोणी सांगितली नव्हती. मग कॉम्प्युटरवर हेडफोन लावून तिला घारीचा आवाज ऐकवला. तिचे डोळे मोठे झाले. “हा तर रोज दुपारी आमच्या गच्चीवर येतो!” पुस्तक की स्क्रीन हा वाद मला पटत नाही तो यामुळेच. शेपटी तिला पुस्तकात सापडली, आवाज कॉम्प्युटरवर आणि घार खिडकीबाहेर.

त्या दिवशी घरी जाताना सलीम अलींची गोष्ट आठवत होती. तेही मुंबईचेच. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने मारलेली एक वेगळीच चिमणी घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथल्या मिलार्ड नावाच्या सचिवांनी ती पिवळ्या गळ्याची चिमणी असल्याचं सांगितलं, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि वाचायला पुस्तकं दिली. एका पोरासाठी त्यांनी सगळं उघडून दाखवलं.

एप्रिलच्या पडताळणीत नेमकं तेच पक्ष्यांचं पुस्तक सापडलं नाही. देवघेव वहीतही नोंद नव्हती. मी कोणाला विचारलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी ते माझ्या टेबलावर होतं, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. आत बारा-तेरा पक्ष्यांपुढे पेन्सिलीने बरोबरच्या खुणा. घारीपुढे ‘गच्ची’. रोहित पक्ष्यापुढे, म्हणजे फ्लेमिंगोपुढे, ‘शिवडी, बाबांबरोबर’. मी सवयीने खोडरबर हातात घेतला, आणि परत डब्यात टाकला.

आता पाचवीची मुलं ते पुस्तक काढतात तेव्हा आधी खुणा मोजतात. परवा कोणीतरी खंड्यापुढे एक नवी खूण केली आहे. अक्षर वेगळं आहे.