तुम्ही विचारलंत म्हणून: सोमवारची बारीक अक्षरं

दरवर्षी गणपतीत, आरती झाली की प्रसादाच्या रांगेत कुणीतरी विचारतंच, "काका, बफलोत राहता, आपल्या गावच्या व्यावसायिक संघाच्या, बिल्सच्या मॅचेस बघता, ते कळतं. पण हे यूबीचं अमेरिकन फुटबॉल कशाला? ते बघतं तरी कोण?" तेवढ्यात रांग सरकते, हातात शिरा येतो आणि माझं उत्तर राहून जातं.

यूबी म्हणजे आमचं बफलो विद्यापीठ. ते मिड-अमेरिकन कॉन्फरन्समध्ये, म्हणजे 'मॅक' या कॉलेजांच्या लीगमध्ये खेळतं. शनिवार हा ओहायो स्टेट, अलाबामा असल्या बड्या घरांचा. टीव्हीवर जागा मिळावी म्हणून मॅकवाले नोव्हेंबरात मंगळवारी-बुधवारी रात्री खेळतात. वरून बर्फ, खाली रिकामे बाक. आणि सोमवारी कॉन्फरन्स त्या आठवड्यातले सर्वोत्तम खेळाडू जाहीर करते: एक आक्रमणातला, एक बचावातला, एक किकिंगच्या तुकडीतला. चहाबरोबर मी आधी ती यादी उघडतो.

ही खोड माटुंग्याची. पावसाळ्यात कांगा लीग असायची आणि सोमवारच्या पेपरात आतल्या पानावर बारीक टायपात तिचे धावफलक. कुणाच्या तरी सात विकेट, कुणाच्या तरी चिखलात काढलेल्या साठ धावा. वडील पेन्सिलीने खूण करायचे, "हा पोरगा बघून ठेव." त्यांच्या खुणांपैकी बहुतेकांचं पुढे काही झालं नाही. एखादा रणजीत गेलाच, तर आठवडाभर घरात वडिलांचा तोरा सांभाळावा लागे.

इथे माझी पहिली खूण खलील मॅकवर. फ्लोरिडाचा मुलगा, मोठ्या कॉलेजांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. व्हिडिओ गेमवाल्यांनी त्याला 46 गुण दिले, तर पठ्ठ्याने तोच आकडा पाठीवर मिरवला. 31 ऑगस्ट 2013 ला कोलंबसमध्ये समोर देशात दुसऱ्या नंबरची ओहायो स्टेट. यूबी 40-20 ने हरली. पण खलीलने त्यांच्या क्वार्टरबॅकला (पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला) बॉल हातात असतानाच अडीच वेळा लोळवला (दोघांनी मिळून पाडलं की अर्धा-अर्धा वाटून घेतात, हिशेब चोख!) आणि त्यांचाच पास मधल्यामध्ये पकडून 45 यार्ड पळत बॉल थेट शेवटच्या रेषेपलीकडे नेला, म्हणजे टचडाउन केला. पुढच्या मे महिन्यात एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात) तो पाचवा निवडला गेला. मी आठवडाभर वडिलांसारखा वागलो.

दुसरी खूण जॅरेट पॅटरसन. चणीने लहान, पण पायात काय होतं कोण जाणे. 28 नोव्हेंबर 2020, कोविडमुळे स्टेडियम रिकामं, समोर केंट स्टेट. 36 वेळा बॉल घेऊन तो 409 यार्ड पळाला, 8 टचडाउन केले. आठाने एका सामन्यातल्या 1990 च्या विक्रमाशी बरोबरी झाली, यार्डांचा विक्रम 18 ने हुकला. मी टीव्हीवर ओरडत होतो, "अरे, त्याला द्या बॉल!" बायको झारा घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. पुढच्या वसंतात ड्राफ्ट झाला, 259 नावं पुकारली गेली. त्यात पॅटरसन नव्हता. वॉशिंग्टनच्या संघाने त्याला नंतर ड्राफ्टबाहेरून असाच घेतला.

म्हणून मला ती सोमवारची यादी प्यारी. त्या सकाळी खलील आणि पॅटरसन एकाच रांगेत असतात. पुढचं कुणालाच ठाऊक नसतं.

हल्ली मात्र यादीत नाव दोन-तीनदा आलं की धास्ती वाटते, कारण हिवाळ्यात मोठं कॉलेज पैसे घेऊन दारात उभं. ओहायो विद्यापीठाचा (ओहायो स्टेट वेगळं, हे मॅकमधलं) कर्टिस रोर्क, शेजारच्या कॅनडातल्या ओकव्हिलचा. मॅकमध्ये नाव कमावलं आणि 2024 ला इंडियाना विद्यापीठात गेला. त्या मोसमात इंडियाना थेट प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या अंतिम फेऱ्यांत. राग आला का? आला. त्याच्या जागी मी असतो तर गेलो असतो का? धावत. आणि खरं सांगतो, इंडियानाच्या मॅचेसही मी बघितल्या.

तर आता रांगेत विचारू नका. नोव्हेंबरातला एखादा मंगळवार मोकळा ठेवा, माझ्याबरोबर या. मोजे दोन जोड घाला आणि बसायला काहीतरी आणा. बाक फार गार लागतात.