फूल, दोन पानं आणि तैवानचे सहा पर्याय

१६ जानेवारी आली की आमच्या फॅमिली ग्रुपवर गोव्याचा १९६७चा जनमत कौल परत मोजला जातो. यंदा चुलतभावाने टाकलं, 'गोंयकारांनी मराठीला नाकारलं तो दिवस', आणि मला रात्री झोपच लागली नाही, कारण आमच्या फोंड्याच्या घरात सकाळचा पेपर मराठी, भजनं मराठी, आणि भांडणं कोकणीत. कोण कोणाला नाकारतंय?

आकडे बघा. मतपत्रिकेवर संघप्रदेश, म्हणजे केंद्रशासित राहणं, याची खूण दोन पानं, १,७२,१९१ मतं. महाराष्ट्रात विलीनीकरणाची खूण फूल, १,३८,१७०. फरक ३४,०२१. म्हणजे साधारण ५५ विरुद्ध ४५, आणि प्रश्न भाषेचा नव्हताच, महाराष्ट्रात जायचं की संघप्रदेश राहायचं एवढाच होता. विलीनीकरणाच्या विरोधात ज्या 'राष्ट्रमत'नं रान उठवलं तो पेपरही मराठीच होता ना! आणि त्यानंतर दोनेक महिन्यांतच निवडणूक झाली तर त्याच मतदारांनी विलीनीकरणवाल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला ३० पैकी १६ जागा दिल्या, भाऊसाहेब बांदोडकर परत मुख्यमंत्री. माणसं तीच, प्रश्न वेगळा, म्हणून उत्तर वेगळं.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे की स्वतंत्र घटक राज्य हा पर्याय त्या कागदावर नव्हताच. ते मिळालं १९८७ला, ३० मेला. मग दोन पानांवर शिक्का मारणाऱ्यात कितीजणांना मनातून राज्य हवं होतं आणि कितीजणांना फक्त महाराष्ट्र नको होता, हे त्या आकड्यातून काढायचं कसं? नाही निघत.

तैवानमध्ये मात्र देशाचं पुढे काय व्हावं हे एक विद्यापीठ १९९४पासून लोकांना सहा पर्याय देऊन विचारतंय. लगेच चीनशी एकीकरण, लगेच स्वातंत्र्य, आणि मधे 'आहे तसंच'चे चार प्रकार: कायम असंच, आत्ता असंच मग बघू, असंच पण एकीकरणाकडे, असंच पण स्वातंत्र्याकडे. हे चार एकत्र केले की ८०% च्या वर जातात आणि बातमीवाले लिहून मोकळे होतात की लोकांना बदल नकोय. पण शेजारी एवढं मोठं सैन्य बसलेलं असताना दिलेलं 'आहे तसंच' आणि भीती नसताना दिलेलं 'आहे तसंच' एक कसं असेल? तिथल्याच काही सर्व्हेत 'चीनने हल्ला केला नाही तर?' अशी अट घालून विचारतात तेव्हा स्वातंत्र्याला हो म्हणणारे कितीतरी वाढतात. म्हणून मी आधी प्रश्न वाचतो, टक्का नंतर.

भावाला हे सगळं टाइप करून पाठवलं, निळी टिक आली, उत्तर नाही. मग आजीकडे गेलो. ती ८४ची, फुलाला मत दिलेली, ते कधी लपवत नाही. ओसरीवर आबोलीचा वळेसर करत होती. विचारलं, तेव्हा घटक राज्याचा पर्याय असता तर? हातातला दोरा तसाच धरून बसली.

"तर तेच दिलं असतं रे. मला मराठी हवी होती, मुंबईचा कारभार नको होता."

मग तैवानचे सहाही पर्याय गोव्याचे करून तिला वाचून दाखवले. सगळे ऐकून घेतले, एक फूल ओवलं आणि म्हणाली, "दोनांवर शिक्का मारलेला चालता?"