साक्रीच्या माळावरची काळी भिंत

धुळ्याहून साक्रीकडे जाताना नेर मागे पडले की माळावर मधूनमधून सरळ रेषेत धावणाऱ्या काळ्या, अरुंद टेकड्या दिसू लागतात. आपल्याकडच्या डोंगरांचे माथे सपाट असतात आणि अंगावर पायऱ्या असतात, कारण ते लाव्हाचे थरावर थर साचून तयार झालेले आहेत. या टेकड्यांना मात्र पायऱ्या नाहीत. एखाद्या अजस्र शेताचा बांध घालावा तशा त्या पूर्व-पश्चिम पसरलेल्या आहेत. भूशास्त्रात यांना डाइक म्हणतात. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघांनी साक्री ते निजामपूर या पट्ट्यातला असा एक डाइक पायी पाहिला. पुढे जाणाऱ्यांना सर्वांत आधी एकच सांगणे आहे, की माथ्यावरून लांबवर चालत जाण्यापेक्षा हा खडक एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवा ओलांडावा, कारण त्याची सगळी हकीकत त्या थोड्या पावलांत सापडते.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या प्रदेशात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून शिलारस वर आला. वर पोहोचला तो लाव्हा होऊन पसरला आणि भेगेतच थिजला त्याचा डाइक झाला. पुढे भोवतालचा मऊ, सच्छिद्र खडक पावसापाण्याने झिजून गेला आणि ही घट्ट भिंत उघडी पडली. नंदुरबार-धुळे भागात एक किलोमीटरहून लांब असे २१० डाइक अभ्यासकांनी नोंदवले आहेत. त्यांची जाडी ३ मीटरपासून ६२ मीटरपर्यंत आहे आणि सर्वांत लांब डाइक ७९ किलोमीटरचा आहे. जवळजवळ सगळे उभे आहेत आणि बहुतेकांची दिशा पूर्व-पश्चिम आहे, म्हणजे त्या काळी इथली जमीन दक्षिणोत्तर ताणली जात होती. नकाशावर तापीचा प्रवाहही साधारण त्याच दिशेने जातो, हे पाहून मला नेहमीच बरे वाटते.

पायथ्याच्या शेतात कांद्याची लागण चालली होती. बांधावरून जाण्याची परवानगी मागितली, तेव्हा शेतमालक बाबांनी आधी पाणी दिले आणि मग आपली विहीर दाखवली. "भितना अल्याड पानी शे, पल्याड नही," असे ते म्हणाले. विहीर भिंतीच्या चढाच्या बाजूला आहे. उतारावर झिरपत येणारे पाणी या घट्ट, न फुटलेल्या खडकाला अडते आणि मागे साठते, त्यामुळे तिला चैत्रापर्यंत पाणी राहते. पलीकडच्या त्यांच्या भावाची विहीर मात्र पौषातच तळाला जाते. डाइक जिथे भेगाळलेला असतो तिथे तोच पाणी वाहून नेतो, म्हणून सगळीकडे हा हिशेब असाच लागेल असे धरू नये. तरीही विहीर किंवा बोअर घेण्यापूर्वी या रेषा नकाशावर पाहिल्या जाव्यात, असे मला मनापासून वाटते.

आम्ही दक्षिणेकडून सुरुवात केली. बाहेरचा मूळ खडक पिवळट-राखाडी, ठिसूळ आणि भोकाभोकांचा होता, आणि भोकांत झिओलाइट या खनिजाचे पांढरे दाणे भरलेले होते. मग अचानक काळा खडक सुरू झाला. कडेला त्याचा पोत इतका बारीक होता, की भिंग लावूनही कण वेगळे दिसेनात. थंडगार खडकाला टेकलेला शिलारस झटकन थिजला आणि स्फटिक वाढायला वेळच मिळाला नाही, त्याची ही खूण. चार पावले आत गेल्यावर त्याच काळ्या रंगात फेल्डस्पार या खनिजाच्या पांढुरक्या काड्या चमकू लागल्या आणि मध्यभागी त्या नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतक्या मोठ्या झाल्या. पलीकडच्या कडेला पोत पुन्हा बारीक झाला. रुंदी आमच्या पावलांनी बावीस पावले भरली. खांबांसारख्या भेगाही नीट पाहाव्यात. लाव्हाच्या थरात असे खांब उभे असतात, पण थंड होणाऱ्या पृष्ठाशी ते काटकोन करत असल्याने या उभ्या भिंतीत ते आडवे पडलेले आहेत, सरपणाची मोळी रचून ठेवावी तसे.

या खडकात लोहाची ऑक्साइडे वजनाने १० टक्क्यांहून अधिक असतात. ताजा तुकडा काळा, जड आणि हातोडी मारली की खणखणीत वाजणारा. उघड्यावर राहिलेला तोच खडक कांद्यासारखा पापुद्र्यांनी सुटतो आणि त्याच्या सालीवर गंजाचा तांबूस रंग चढतो. पायथ्याच्या ओढ्यात साधे लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वाळूतून फिरवावे. आमच्या चुंबकाला काळ्या कणांची दाढी फुटली. ते बहुतांशी टायटॅनियम असलेले मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारे लोहखनिज असते. खडक निवताना हे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता हे दख्खनच्या खडकांवरून कळले, ते याच गुणामुळे.

याच गुणाने आमची वाटही चुकवली. माथ्यावर होकायंत्र दगडावर ठेवून मी उत्तर ठरवली आणि आम्ही भलत्याच ओढ्यात उतरलो. अर्धा-पाऊण तास गेला. उघड्या माथ्यावर वीज पडली की खडकाचे चुंबकत्व जागोजागी फार वाढते आणि सुई भरकटते. म्हणून होकायंत्र दगडावर न ठेवता खडकापासून दूर, मोकळ्या जमिनीवर उभे राहून हातात धरावे, दोन-तीन ठिकाणी पडताळावे आणि मोबाइलमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवावा.

डिसेंबर ते फेब्रुवारी हाच काळ योग्य. त्याआधी गवत कमरेएवढे असते आणि कुसळे मोज्यांतून थेट कातडीत शिरतात. मार्चनंतर काळा दगड सकाळी दहालाच तापतो. घोट्यावर येणारे बूट हवेतच, कारण सुटलेल्या दगडांखाली फुरसे आणि विंचू असतात. माणशी तीन लिटर पाणी घ्यावे, माथ्यावर सावली मुळीच नाही. खडीच्या खाणीत डाइकचा काप सर्वांत स्वच्छ दिसतो, परंतु सुरुंगाची वेळ विचारल्याशिवाय आणि मालकाची संमती असल्याशिवाय आत पाऊल टाकू नये. घट्ट दगड म्हणून याच भिंती क्रशरला आधी जातात. आम्ही पाहिलेल्या भिंतीचे पूर्वेकडचे टोक असेच गेले आहे आणि तिथे आता पाण्याने भरलेला खड्डा आहे. नमुना हवाच असेल तर खाली पडलेला तुकडा उचलावा, उभ्या भिंतीवर हातोडी चालवू नये.

साक्रीहून धुळ्याला परतायला एसटी मिळते. उतरताना मात्र शेताच्या बाजूने, विहिरीजवळूनच उतरावे. ओढ्याकडची बाजू घसरणीची आहे आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तिथली सैल खडी दिसत नाही.