सात नंबरचा रकाना आणि माझी कादंबरी : माझा अनुभव

पुस्तक आलं हे आधीच सांगून टाकते, नाहीतर अर्ध्यात कोणीतरी विचारणारच की मग छापलं का शेवटी. छापलं. या मार्चमध्ये आलं, १८४ पानं, कव्हरवर हार्मोनियम आहे आणि तिच्या काळ्या पट्ट्या चुकीच्या काढल्यात, पण ते जाऊ दे. मला लिहायचंय ते एका फॉर्मातल्या एका रकान्याबद्दल, ज्याच्यात माझे चौदा महिने गेले आणि अजूनही दादरचा पूल चढताना माझं डोकं फिरतं.

मी मुलुंडला राहते, शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. माहेर भायखळ्याचं, आजोबा नगरहून आलेले, त्यामुळे घरात नगरी बोली आणि रविवारी उपासना. आपल्या ख्रिस्ती लोकांची प्रेमकथा लिहायची हे कॉलेजपासून डोक्यात होतं. म्हणजे नायिका संडेस्कूल शिकवते, हिरो पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, टरकून असतो, आणि भांडण झालं तरी दोघं रविवारी एकाच बाकाच्या दोन टोकांना बसतात, अशी. इंग्रजीत असल्या पुस्तकांचा ढीग आहे, एका मोठ्या रोमान्स कंपनीने तर १९९७ पासून ख्रिस्ती प्रेमकथांची वेगळी शाखाच काढलीय. आपल्याकडे सुरुवात केवढी दणक्यात झाली होती बघा, बाबा पदमनजींची यमुनापर्यटन १८५७ ची, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात, तिच्यात विधवांचे हाल आहेत आणि शेवटी यमुनेचं पुन्हा लग्नही आहे. त्यानंतर मात्र माझ्या हाताला तसं फारसं काही लागलं नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहू.

लिहिणं दीड वर्षात झालं, रात्री साडेदहानंतर आणि मे महिन्याच्या सुट्टीत, त्यात सांगण्यासारखं काही नाही. टायपिंग मी स्वतःच केलं. गोष्ट थोडक्यात सांगते कारण पुढे लागणार आहे. रिबेका नर्स. तिच्या चर्चमधल्या पेटीचा एक सूर पावसाळ्यात लाकूड फुगलं की अडकतो, बोट उचललं तरी पट्टी वर येत नाही आणि पाळकसाहेब प्रार्थना करत असताना मागे भों चालूच. ती पेटी दुरुस्त करायला दानियेल येतो. त्याने चर्चला जाणं सोडलेलं आहे, का ते कळतं पुढे. दानियेलची धाकटी बहीण एस्तेर, ती घरातून भांडून निघून गेलेली. आणि शेवटच्या पानावर रिबेका-दानियेलचं लग्न लागतंय, चर्चमध्ये दोघांची नावं रीतीप्रमाणे तीन रविवारी पुकारून झालीत, आणि त्याच सकाळी एस्तेर कल्याणला गाडीत चढते, हातात पत्ता लिहिलेला कागद. संपलं.

ते शेवटचं वाक्य लिहिलं तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

दादरच्या एका प्रकाशकाकडे ओळखीने गेले. नाव घेत नाही. तिसरा मजला, लिफ्ट बंद, जिन्यात पुस्तकांचे गठ्ठे सुतळीने बांधून रचलेले, आडवं होऊन चढावं लागतं. तिथल्या सरांनी हस्तलिखित घेतलं, चांगलं बोलले आणि एक फॉर्म दिला. बाकी सगळं सरळ होतं. सात नंबरला लिहिलेलं: कादंबरीचा प्रकार, (अ) स्वतंत्र (ब) मालिका, मालिका असल्यास एकूण भाग व प्रत्येक भागाचा सारांश जोडावा. मी (अ) वर टिक केली. मला काय, एकच पुस्तक लिहिलेलं.

दोन महिन्यांनी फोन, या म्हणाले. सरांना सवय, पुस्तक उघडलं की आधी शेवटचं पान. म्हणाले, "अहो मॅडम, ही एस्तेर गाडीत बसली ना? मग हे स्वतंत्र कसं? पुढचा भाग आहे की." मी म्हटलं सर, लग्न लागलं, गोष्ट संपली. म्हणाले लग्न तुमच्या रिबेकाचं लागलं, वाचक तर त्या मुलीबरोबर गाडीत बसलाय. आणि मालिका केली तर बरंच, ख्रिस्ती वाचक मोजका, एक पुस्तक घेतलं तर पुढची तीन घेईल. नवा फॉर्म भरा, (ब) करा, सारांश जोडा.

आता सारांश कसले जोडू? मी पुढचं लिहिलंच नव्हतं. तरी मूर्खासारखी दोन रविवार दुपारचं जेवण झाल्यावर बसले आणि नसलेल्या दोन कादंबऱ्यांचे सारांश लिहिले, एस्तेरची एक आणि रिबेकाच्या मैत्रिणीची एक. दिले. तीन महिने काही नाही. फोन केला की "वाचन समितीकडे आहे". समिती म्हणे तिमाहीला बसते. एका तिमाहीला बसलीच नाही कारण एक सभासद गावी गेलेले. मी कामावरून हाफ डे काढून जायचे, स्लो लोकल मिळाली की पाऊण तास उभी, फुलबाजाराच्या गर्दीतून, तीन मजले वर, आणि वर गेल्यावर कळायचं सर आज आलेच नाहीत.

मग ते सर सोडून गेले. त्यांच्या जागी मॅडम आल्या, माझ्यापेक्षा लहान, पण खुर्चीत बसल्यावर वय कोण बघतंय. त्यांनी फाईल काढली आणि म्हणाल्या, "ताई, नवीन लेखकाची मालिका आम्ही घेतच नाही. पहिला भाग चालला नाही तर दुसरा कोण घेणार? तुम्ही (ब) का भरलं?" मी का भरलं! मी त्यांना सरांचं सगळं सांगितलं, त्या शांतपणे ऐकत होत्या आणि ऐकताऐकता नवा फॉर्म पुढे सरकवला. मी (अ) भरलं. तिसऱ्यांदा तोच फॉर्म, तेच जन्मवर्ष, तोच पत्ता. सहा आठवड्यांनी उत्तर काय, तर फाईलमध्ये सारांश जोडलेले आहेत, सबब अर्जदाराने मालिका की स्वतंत्र ते स्पष्ट करावे.

मी तिथेच जिन्यात गठ्ठ्यावर बसले. बायबलात उत्पत्तीच्या २९ व्या अध्यायात याकोब राहेलसाठी सात वर्षं चाकरी करतो आणि ती त्याला थोड्या दिवसांसारखी वाटतात, का तर तिच्यावर प्रेम होतं. मग लाबान सासरा त्याला लेआ देऊन फसवतो आणि अजून सात वर्षं राबवतो. लहानपणी मला हे फार रोमँटिक वाटायचं. जिन्यात बसले तेव्हा लक्षात आलं की दुसऱ्या सात वर्षांबद्दल तिथे तसं काही लिहिलेलं नाही, थोड्या दिवसांसारखी वाटली वगैरे.

आणि खरं सांगायचं तर, मी स्वतः शाळेत काय करते? लिव्हिंग सर्टिफिकेटच्या अर्जात आईचं नाव राहिलं की परत पाठवते. त्या दिवसापासून निदान पेन तरी पुढे करते, इथेच लिहा म्हणते.

याच काळात मी रागाने भरपूर वाचलं, आणि मालिका म्हणजे काय ते मला या वाचण्यातून कळलं, फॉर्ममधून नाही. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळतात ना, तिथे ६० रुपयांना एक इंग्रजी ख्रिस्ती रोमान्स घेतला, घरी येऊन बघते तर मालिकेतला तिसरा भाग. पहिल्या दहा पानांत चार जोडपी भेटली, सगळी आधीच्या भागांत लग्न झालेली, सगळ्यांच्या कडेवर बाळं. म्हणजे पहिला भाग कधी मिळालाच तर कोणाचं कोणाशी जमणार हे आधीच फुटलेलं. पण तरी ते तिसरं पुस्तक मला नीट वाचता आलं, कारण त्यातल्या दोघांची गोष्ट त्याच पुस्तकात सुरू होऊन त्याच पुस्तकात संपत होती. प्रेमकथेची मालिका बहुतेक अशीच चालते, गाव एक, घर एक, दर पुस्तकाला जोडपं नवं. जॅनेट ओक यांची लव्ह कम्स सॉफ्टली १९७९ ची, ती पुढे आठ भागांपर्यंत गेली, कशी, तर आईची गोष्ट झाली की पुढे मुलींच्या. उलट फ्रान्सिन रिव्हर्स यांची रिडीमिंग लव्ह, १९९१, बायबलातल्या होशेय संदेष्ट्याच्या कथेवरची, एकच जाड पुस्तक आणि विषय संपला. तिला दुसरा भाग कशाला हवा, होशेयाने बायकोला परत आणली, आता अजून काय करायचं त्याने.

एकाच जोडप्याला तीन भाग ओढायचं असेल तर मात्र अवघड आहे, आणि आपल्या प्रकारात जास्तच. कारण यात नुसतं दोघांचं जमवायचं नसतं, त्याचं देवाशी आणि तिचंही देवाशी जुळायला लागतं. एकदा दानियेल बाकावर येऊन बसला, मान खाली घालून प्रार्थना केली, की दुसऱ्या भागात त्याला परत अविश्वासू करायचं? तिसऱ्यात परत पश्चात्ताप? वाचक म्हणेल याला एकदाच काय ते ठरवू दे.

तर गाठ सुटली ती आमच्या महिला मंडळातल्या एका मावशींमुळे. सत्तरीच्या पुढच्या, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मी त्यांना मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दिली होती. आठवड्याने करंज्यांच्या डब्यासकट परत दिली आणि म्हणाल्या, "सगळं छान गं, पण त्या एस्तेरचं काय? मला रात्री झोप लागेना. तू अर्धवट का ठेवलंस?" मी म्हटलं मावशी, ते मुद्दाम ठेवलंय, उत्सुकता वाटावी म्हणून. त्या म्हणाल्या, "बायबलातलं रूथचं पुस्तक बघ की. चारच अध्याय. मोआबातून आली, सरवा वेचला, बवाजाशी लग्न झालं, पोर झालं, सासूच्या, नामीच्या मांडीवर दिलं. पुढे त्या पोराचा नातू दावीद राजा झाला हे तिथे एका ओळीत सांगून टाकलंय, झोप घालवली नाही कोणाची."

मला राग आला. कारण याचा अर्थ ते आधीचे सर बरोबर होते, आणि मला ते बरोबर असायला नको होते. पण तेच होतं. मी पुस्तक स्वतंत्र म्हणून लिहिलं आणि शेवट मालिकेचा केला, चटक लागावी म्हणून, आणि मग रकान्यावर चिडत बसले. अर्थात त्यासाठी चौदा महिने लागायला नको होते, हे मी आजही म्हणते, पहिल्याच भेटीत कोणीतरी सरळ सांगायचं ना की बाई, शेवटचं पान बदला.

बदललं. एस्तेर आता लग्नाच्या आदल्या रात्रीच येते, दारात उभी राहते, दानियेल काही बोलत नाही, पेटीवरचं कापड काढून तिला जागा करून देतो. पाऊण पान. सारांश फाईलमधून परत मागून घेतले, तसा अर्ज लिहून दिला, चौथा फॉर्म (अ). सात आठवड्यांत होकार.

एस्तेरची गोष्ट आता वेगळी लिहितेय, पहिलं न वाचता वाचता येईल अशी. इथे एक सांगते, नातेवाईक असलेली पात्रं दुसऱ्या पुस्तकात आणणार असाल तर पहिल्या दिवसापासून वही करा. मी केली नाही. पहिल्या पुस्तकात दानियेलची आई तो बारावीत असताना वारलीय, आणि दुसऱ्याच्या पाचव्या प्रकरणात नाताळला तीच बाई चकल्या तळतेय, माझ्या मुलीने पकडलं. आता शाळेच्या जुन्या हजेरीपटात सगळं लिहिते: जन्म, मृत्यू, कोण कुठल्या चर्चला जातं, कोणाला चष्मा आहे. आणि आधीच्या जोडप्याला नव्या पुस्तकात दोन-तीन वेळाच आणायचं, जेवायला वगैरे, मुक्कामाला नाही.

आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळख नंबरासाठी, कोणी पैसे मागितले तर देऊ नका, आपल्याकडे तो नंबर फुकट मिळतो. मला एकाने दोन हजार सांगितले होते. आणि मालिका असली तरी एका नंबरवर भागत नाही, प्रत्येक भागाला वेगळा लागतो.

हां, आणि राहिलंच. देताना हस्तलिखिताची झेरॉक्स ठेवा आणि दिलेल्या प्रतीच्या प्रत्येक पानावर नंबर घाला, हाताने घातला तरी चालेल. माझं बारावं प्रकरण त्या तीन मजल्यांत कुठेतरी हरवलं आणि वाचन समितीने ते नसतानाच कादंबरी मंजूर केली. प्रूफ आलं तेव्हा मला कळलं.