कौलावरचे साल

रविवार, मनोरी

मार्व्याहून सकाळच्या पहिल्या होडीने मामांकडे आले, कारण पावसापूर्वीची शाकारणी आजच उरकायची होती. उतरवलेल्या कौलांपैकी एक मामेभावाने पुसून माझ्या हाती दिले. शेवाळ निघताच त्यावर बासेल मिशन या स्वित्झर्लंडमधल्या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचे नाव आणि 1865 हे साल दिसले. पाहुण्यांच्या खोल्यांत लावण्यासाठी घराची हकिकत लिहून देण्याचे काम माझ्याकडे आहे, म्हणून तो आनंदाने म्हणाला, “ताई, हेच फलकावर घालू: पोर्तुगीजकालीन घर, 1865.”

मला ते मान्य झाले नाही. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई घेतली तेव्हाच या किनाऱ्यावरचा पोर्तुगीज अंमल संपला, आणि 1865 हे तर बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला ते साल. पुढे निघालेल्या कौलांवरही ते उमटवलेले असे. त्यावरून आमच्या छपराचे वय ठरत नाही, मग भिंतींचे कसे ठरणार? आजी सांगे की तिच्या सासऱ्यांच्या वेळी घरावर नळीची कौले होती.

मला लिहायचे आहे ते कणगीच्या खोलीविषयी. आज जिथे पाहुण्यांचा पलंग आहे तिथे माझ्या लहानपणी भाताची कणगी होती, शेणाने सारवलेली, माझ्याहून उंच. आणि पावसाळा जवळ आला की आजी तिच्यात कोपरापर्यंत हात घालून उरलेले भात अजमावत असे. पावसावर भात, हिवाळ्यात विहिरीच्या पाण्यावर भाजी आणि कुंपणाकडेचे माड, एवढ्यावर घर चाले. पुढे मामा नोकरीसाठी खाडी ओलांडून मालाडला जाऊ लागले, लावणीला माणसे मिळेनात, शेत पडीक राहिले.

खोल्या भाड्याने देण्याचे कोणी ठरवले नव्हते. समुद्रात डुंबून आलेली माणसे अंगावरचे खारे पाणी धुवायला विहिरीवर येत आणि मामी त्यांना पोहरा काढून देत. मग कोणी जेवण मागे, कोणी शेवटची होडी चुकली म्हणून पडवीत निजे. पुढच्या वर्षी तीच माणसे परत आली आणि जाताना उशाखाली पैसे ठेवून गेली, तेव्हा मामींना फार संकोच वाटला होता.

1991 मध्ये सीआरझेडची, म्हणजे किनारी भागातल्या बांधकामांचे नियमन करणारी, अधिसूचना निघाली आणि भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतच्या बांधकामांवर निर्बंध आले. गावात त्यावर नाराजी होती व ती समजण्यासारखी आहे, परंतु हे घर पाडून इमारत बांधण्याचे बोलणे त्यामुळेच मागे पडले, असे मला वाटते.

दुपारी लिहिलेला कागद मामांना वाचून दाखवला. पोर्तुगीजांविषयी त्यांनी काहीच विचारले नाही. विहिरीचे पाणी मे महिन्यातही गोडे असते, एवढे वाक्य मात्र आवर्जून घालायला सांगितले. ते मी सर्वांत वर घातले. पुसलेले कौल मामेभावाने संध्याकाळी पुन्हा छपरावर चढवले.